एका पायाची नखं

अव्वा,

तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तू होतीस तेव्हा तुझ्या या लेकीने तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर दादाने ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं असतं आणि वहिनीने आतून कान देऊन ऐकलं असतं. आता तू नाहीस, दादाही नाही आणि वहिनीला ऐकू येत नाही. म्हणजे आता काय हवं ते लिहिता येतं. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुझी आठवण येत नव्हती असं नाही, पण ती सणावारी यायची, चारचौघांत सांगायला बरी अशी. काल मात्र एका हॉलमध्ये, भरल्या सभेत, हातात माईक असताना तू अशी आठवलीस की वाचता वाचता मी अडखळले. लोकांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काल माझी पंच्याहत्तरी झाली. म्हणजे वय मागेच झालं होतं, समारंभ काल झाला. पुण्याहून मुलगी आणि जावई यायचे, सुनेच्या शाळेला सुट्टी हवी, म्हणून रविवार बघितला. मला मधोमध लाल मखमलीच्या सोफ्यावर बसवलं होतं, नवरीला बसवतात तसं. पंच्याहत्तर दिव्यांचं ताट एकटीला पेलेना म्हणून सून आणि मुलगी दोघींनी मिळून धरलं. एसीच्या वाऱ्याने दिवे विझत होते आणि फोटोवाला म्हणत होता, "थांबा की वहिनी, परत लावा. फोटोत काळं दिसायलंय." तीन वेळा दिवे परत लावले. तोवर मी हसत बसले होते. हसून हसून गाल दुखायला लागले.

मग मुलाने खिशातून कागद काढला. माझं डोळ्यांचं माहीत आहे म्हणून मोठ्या अक्षरांत छापून आणला होता. वर लिहिलं होतं, 'आईचे मनोगत'. मनोगत म्हणजे मनातलं ना गं? माझ्या मनातलं त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिहिलं होतं. आदल्या दिवशी मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाला, "आई, एवढंच वाच बरं का. मधे तुझं काही घालू नको. तू एकदा सुरू झालीस की थांबत नाहीस."

कागदावर होतं ते असं. माझ्या मुलांनी, सुनेने आणि जावयाने मला फुलासारखं जपलं. हे गेल्यावर मला एक दिवस एकटं वाटू दिलं नाही. माझ्या खोलीत एसी बसवला, बाथरूमला धरायला कठडा बसवला, पुण्याला नेऊन गुडघ्यांचं ऑपरेशन केलं. सून मला स्वतःच्या आईसारखी मानते. जावई मला मुलासारखा आहे. अशी मुलं जन्मोजन्मी मिळोत. मी या सगळ्यांचे मनापासून आभार मानते. अव्वा, यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि माझा राग नेमका त्याचाच आहे. खोटं असतं तर मी कागद फाडून टाकला असता. एसी आहे. कठडा आहे, मी रोज तो धरते. गुडघ्यांत धातू आहे आणि मी चालते. सगळं केलंय बापड्यांनी. आणि जे जे केलं ते सगळं मलाच मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

नात मोबाइलवर शूटिंग करत होती. 'आभार' शब्दाशी मी अडखळले तेव्हा ती अजून जवळ आली. जुन्या शेजारीण बाई पुढच्याच खुर्चीवर होत्या, त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लई नशीबवान हायसा बघा तुमी." मी मान हलवली. तेवढं एक कागदाबाहेरचं केलं.

आभार म्हणताना मला तुझं वाक्य आठवलं होतं. "लई केलंस गं यव्वा माझं." आठवतंय का तुला? माझ्या घरून निघताना प्रत्येक वेळी तू ते म्हणायचीस. एसटी स्टँडवर, गाडीची पाटी लागली की. एका हाताने पिशवी पोटाशी धरायचीस, दुसरा हात माझ्या गालावरून फिरवायचीस आणि म्हणायचीस, लई केलंस गं यव्वा माझं. मी खूश व्हायचे. स्टँडवरून नवी पेठेपर्यंत पायी यायचे आणि वाटेत मला वाटायचं, आपण आपल्या आईचं खरंच पुष्कळ करतो. घरी येऊन यांनाही सांगायचे. हे गल्ल्यावरून मान वर न करता म्हणायचे, "मग, करतेसच की तू."

आता मी वर्षातून दोनदा तेच वाक्य म्हणते. माझं सहा महिने सोलापूर, सहा महिने पुणे असं ठरलंय. कुणी भांडून ठरवलं नाही. मुलं त्याला 'चेंज' म्हणतात. "आईला जरा चेंज मिळतो," असं मुलगी तिच्या मैत्रिणींना सांगते. मला चेंज नको आहे. मला माझ्या गावात राहायचंय, जिथे भाजीवाली मला बघून मेथीची जुडी बाजूला काढते आणि मी कानडीत दोन शब्द बोलले तर कुणी तोंडाकडे बघत नाही. पुण्याला अकराव्या मजल्यावर मी खिडकीत बसते आणि खालची माणसं कुठे जातात ते बघते. पण मुलाने एकदा विचारलं होतं, "आई, तुला पुण्याला जायला आवडतं ना?" तेव्हा सून तिथेच उभी होती. मी म्हणाले, हो, आवडतं की. निघताना मी सुनेच्या गालावरून हात फिरवते आणि म्हणते, फार केलंस गं माझं. मनात असतं ते वेगळंच असतं. राहू दे मला अजून, एवढंच ते असतं. पण तसं म्हणायचं तर समोरच्याला नाही म्हणायची पाळी येते, म्हणून आपण आभार मानतो. तुझ्या वाक्याचा हा अर्थ मला कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

तूही अशीच फिरायचीस. थोरल्या दादाकडे अक्कलकोटच्या पलीकडे, मग धाकट्याकडे, मग माझ्याकडे. लेकीच्या घरी जास्त राहू नये असं तूच म्हणायचीस, त्यामुळे माझ्या वाट्याला तू कमी यायचीस आणि मला ते सोयीचंच होतं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं. पुढे टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे, त्यांचा कोऱ्या सुताचा वास सगळ्या घरात. तू येताना कडक भाकरी आणायचीस, धोतराच्या फडक्यात बांधून, आणि शेंगाची चटणी. आल्या आल्या पिशवी माझ्या हातात द्यायचीस आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसायचीस. तुला कुठे बस म्हणून कधी सांगावं लागलं नाही. सगळ्यात कमी जागा लागेल असा कोपरा तू पहिल्या दिवशीच शोधून काढला होतास.

तुझं शेवटचं येणं थंडीतलं. तेव्हा तुझी कंबर इतकी वाकली होती की उभी राहिलीस तरी तुझं बोलणं जमिनीशी चाललंय असं वाटायचं. आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तू पाय पुढे पसरून बसली होतीस आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणालीस, "नखं लई वाढल्यात बघ." मी भाकरी थापत होते. मी म्हणाले, उद्या काढते. वाकता येत नव्हतं म्हणून तुझे हात पायापर्यंत पोचत नव्हते. दादाच्या घरी कोण काढणार? वहिनीला तू सांगणार नाहीस. म्हणजे ते काम तू माझ्यासाठी राखून आणलं होतंस, चटणीसारखंच. मला ते तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं आता लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार निघाला. सोमवारी नखं काढायची नाहीत, हा तुझाच नियम. लहानपणी मी एकदा सोमवारी ब्लेड घेऊन बसले तर तू हातावर फटका मारला होतास. "महादेवाचा वार हाय, तितं काय बसलीस," असं म्हणाली होतीस. सोमवार आणि दिवेलागणीनंतर, एवढे दोनच नियम होते तुझे. बाकीचे मी घातले. मंगळवारी म्हटलं, आज देवीचा वार. शुक्रवारी लक्ष्मीचा. शनिवारी तर काही बोलावंच लागलं नाही. मधल्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं, मुलाची परीक्षा होती, पाणी आलं नव्हतं. तू रोज म्हणत नव्हतीस. चार दिवसांनी एकदा म्हणायचीस आणि तेही काप असं कधी नाही, वाढल्यात बघ, एवढंच. माझं कारण ऐकलं की म्हणायचीस, "इरली बिडू." असू दे, जाऊ दे. मराठीत बोलता बोलता तू हे दोन शब्द कानडीत टाकायचीस आणि मग त्यावर पुढे बोलायला काही उरायचं नाही.

तुझ्या अंगठ्याचं नख लुगड्याच्या काठात अडकायचं. एकदा चालताना अडकलं आणि काठ टरकन फाटला. तू खाली बसून तो दोऱ्याने शिवलास. सुई ओवून मी दिली. काठ शिवायला मला वेळ होता बघ.

मग दादा न्यायला आला. स्टँडवर तू म्हणालीस, लई केलंस गं यव्वा माझं. मी खूश झाले. पंधरा दिवसांत निरोप आला.

आम्ही पोचलो तेव्हा तुला भिंतीशी बसवलं होतं. आपल्यात माणसाला बसवूनच नेतात. कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि वाकलेली कंबर त्यांनी मागून कशाने तरी सरळ केली होती. इतकी ताठ बसलेली मी तुला किती वर्षांनी बघत होते. एकेक जण येऊन पायांवर डोकं ठेवत होता. माझी वेळ आली. मी वाकले आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझी नखं. कुणीतरी तुला आंघोळ घातली होती, पाय घासले होते, विभूती लावली होती. नखं तशीच होती. मागून एक म्हातारी म्हणाली, "लेकीला सोडवंना बघा." मी पायांवरून डोकं उचलत नव्हते ते रडू आवरेना म्हणून नव्हतं. उचललं की ती पुन्हा दिसणार होती.

हे सगळं मी विसरले होते, किंवा विसरल्यासारखं केलं होतं. ते परत आलं गेल्या सोमवारी.

सुनेबद्दल तुला काही माहीत नाही. ती नाशिककडची, कानडीचा एक शब्द तिला येत नाही, शाळेत गणित शिकवते. बोलायला नीटनेटकी. मला कधी उलट बोलली नाही आणि कधी माझ्याशी बसून गप्पाही मारल्या नाहीत. माझ्या गोळ्यांच्या डबीत रविवार ते शनिवार असे कप्पे आहेत, ते ती दर आठवड्याला भरते. चुकत नाही. मला ती आवडते का, असं कुणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येणार नाही.

गेल्या सोमवारी तिच्या शाळेला सुट्टी होती. समारंभासाठी माझ्यासाठी नव्या चपला आणल्या होत्या, त्या घालून बघताना अंगठ्याचं नख पट्ट्यात अडकलं. ती म्हणाली, "आई, अशी नखं? आधी का नाही सांगितलंत?" का नाही सांगितलं ते तुला माहीत आहे. गुडघ्यांत धातू बसल्यापासून मला मांडी घालता येत नाही, पायापर्यंत हात जात नाही. महिना-दोन महिने मी मोजे घालून हिंडत होते, थंडी वाजते म्हणून सांगत होते. सोलापुरात, या उन्हात. मुलगा म्हणायचा, वयामुळे होतं.

ती प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन आली आणि फरशीवर बसली. माझा डावा पाय पाण्यात ठेवला, मग टॉवेलवर घेऊन मांडीवर ओढला. आपल्याच दुकानातला टॉवेल. मी वरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अंगठ्याचं नख जाड झालंय, पिवळं पडून एका बाजूला वळलंय, त्याखाली मळ असतो. तुझं होतं अगदी तसं. तिने नेलकटर लावलं आणि तिच्या नाकाला बारीकशी आठी पडली. श्वास धरला तिने. मान थोडी बाजूला केली. पण हात थांबला नाही. पाचही नखं काढली, कडा घासल्या, बोटांमधलं पुसलं. डावा पाय झाला. ती उजवा हातात घ्यायला लागली.

आणि मी म्हणाले, "आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग सोमवारी नखं काढतात होय? तुमच्या माहेरी चालत असेल. आमच्यात नाही चालत."

ती वर बघायला लागली. मग नेलकटर मिटलं, पाय पुसला आणि उचलून खाली ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवतात तसा. म्हणाली, "सॉरी आई, मला माहीत नव्हतं. उद्या करू." टब घेऊन ती आत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग साबणाने हात धुतल्याचा. बराच वेळ धूत होती.

मंगळवारपासून घरात समारंभाची धावपळ सुरू झाली. आचारी, हार, दिवे, कागद. ती विसरली. मीही आठवण केली नाही. कालच्या त्या मखमलीच्या सोफ्यावर बसलेल्या बाईच्या एका पायाची नखं काढलेली होती आणि एका पायाची वाढलेली. उजवा पाय मी सगळा वेळ साडीत ओढून घेतला होता. कागदात एसी होता, कठडा होता, गुडघे होते. ते वाचत मी 'आभार'पर्यंत आले तेव्हा मला दिसलं, की गेल्या दहा वर्षांत माझ्यासाठी कुणी केलेलं जे एकच काम मला आतपर्यंत पोचलं ते या कागदात नाही. ते मुलाला ठाऊकच नाही. आणि ते करणारीला मी तिच्या माहेरावरून बोलले होते. तिथे अडखळले मी. शेजारीण बाईंनी डोळे पुसले ते तिथे.

कदाचित तिने फोटोसाठीच केलं असेल, नव्या चपलांत वाईट दिसू नये म्हणून. असू दे. कशासाठी का असेना, तिने केलं. तिला किळस आली होती, मी पाहिली ती, आणि किळस येऊनही तिने पाय सोडला नाही. मी तिला वारावरून बोलले ते वारासाठी नव्हतं. तिच्या नाकावरची ती आठी मला ओळखीची वाटली होती.

आता एक गोष्ट राहिली, ती वर लिहिताना मी गाळली. तुझी नखं काढायला मी एकदा बसले होते. दादा तुला न्यायला यायच्या चार दिवस आधी. तुझा पाय पाटावर घेतला, कात्री हातात घेतली, अंगठा धरला. टाचेच्या भेगांत माती बसून काळी झाली होती आणि नखाला वास होता. माझा चेहरा कसा झाला ते मला दिसत नव्हतं. तुला दिसत होता. मी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "अगं अव्वा, आज सोमवार नाही का?"

तू म्हणालीस, "व्हय की. सोमवारच की आज. इरली बिडू."

त्या दिवशी सोमवार नव्हता, अव्वा. आयुष्यभर तू सोमवार धरलास. सोमवारी दिवस मावळेपर्यंत तू भाकरीला शिवत नव्हतीस, आणि तेव्हा तू नुकतीच भाकरी खाऊन बसली होतीस. तुझं ताट अजून मोरीत पडलेलं होतं. मला माहीत होतं आणि तुला माहीत होतं. माझी लाज झाकायला तू महादेवाचा वार बदललास, आणि पाय लुगड्यात ओढून घेतलास.

आज खरंच सोमवार आहे. जावई सकाळीच पुढे गेले. उद्या पहाटे मुलगी मला घेऊन पुण्याला निघणार आहे, बॅग दाराशी आहे. मघाशी चार वाजता सून शाळेतून आली, चहा घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्या पायांकडे बघून एकदम थांबली. "आई, उजवा पाय राहिलाच की हो. अन् आज नेमका सोमवार." मग म्हणाली, "उद्या पहाटे घाईच होईल. तिकडून आलात की पहिलं तेच काम करू." सहा महिन्यांनी. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असेल तरी मला ऐकू आला नाही. मीच शिकवलेला नियम ती पाळत होती.

मला तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "वाराचं काही नसतं, बस इथे, आत्ता काढ. त्या दिवशी तुला बोलले ते चुकलं. तू माझा पाय मांडीवर घेतलास तेव्हा मला माझी आई आठवली आणि माझं मलाच सहन झालं नाही." एवढं तिला सांगायचं होतं. हे पत्रही खरं तर तिलाच लिहायला हवं होतं. ती भिंतीपलीकडे आहे, वाटेत खायला म्हणून कडक भाकऱ्या कागदात बांधतेय, त्यांचा आवाज मला इथे ऐकू येतोय. तिला वाचता येतं. तुला येत नाही, म्हणून तुला लिहिलं.

तिला मी काय म्हणाले ते सांगते आणि थांबते. तिने कप उचलला तेव्हा मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "फार केलंस गं माझं."

ती खूश झाली, अव्वा. मी व्हायचे तशीच.